बिल्ड तयार आहे, आता लिस्टिंग

ॲपचा बिल्ड, म्हणजे स्टोअरला पाठवायची तयार फाइल, झाला की स्टोअरवरचं त्याचं पान, म्हणजे लिस्टिंग, भरायचं असतं. त्यासाठी प्ले कन्सोल किंवा ॲप स्टोअर कनेक्ट (गूगल आणि ॲपलची डेव्हलपरसाठीची संकेतस्थळं) उघडून थेट रकाने भरायला बसू नका. आधी एक साधी टेक्स्ट फाइल घ्या, दोन्ही स्टोअर्ससाठी लागणारा सगळा मजकूर तिच्यात लिहून काढा आणि प्रत्येक ओळीसमोर अक्षरमर्यादा टाका. कन्सोलमध्ये हे रकाने पाच-सहा पानांवर विखुरलेले असतात. सगळा मजकूर एका नजरेत कुठेच दिसत नाही, त्यामुळे वर्णनात एक, गोपनीयतेच्या फॉर्ममध्ये दुसरं आणि स्क्रीनशॉटमध्ये तिसरंच, अशी विसंगती सहज राहून जाते. रिव्ह्यू करणारा माणूस नेमकं तेच ताडून पाहतो: लिस्टिंगमध्ये जे लिहिलंय ते या बिल्डमध्ये आहे का, आणि बिल्ड जे करतंय ते लिस्टिंगमध्ये सांगितलंय का. खाली जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं या एका तपासणीतून पार पडण्यासाठी आहे.

जे नंतर बदलता येत नाही ते आधी

अँड्रॉइडचं पॅकेज नेम आणि आयओएसचा बंडल आयडी, म्हणजे स्टोअर ॲपला ज्याने ओळखतं ते आतलं नाव, एकदा बिल्ड अपलोड झाला की कायमचे. टेम्पलेटमधून आलेलं «कॉम डॉट एक्झाम्पल» तसंच राहिलं असेल तर प्ले स्टोअर ते घेतच नाही, ते एक बरं. पण पॅकेज नेममध्ये जुन्या क्लायंटचं नाव किंवा स्पेलिंगची चूक असेल तर ती मात्र बिनबोभाट आत जाते आणि ॲप असेपर्यंत तशीच राहते. ॲपलकडे एसकेयू (तुमच्या नोंदीसाठीचा ॲपचा कोड) नावाचा आणखी एक रकाना आहे. तो वापरकर्त्याला दिसत नाही, पण नंतर बदलताही येत नाही, म्हणून तिथे «टेस्ट१२३» वगैरे टाकू नका.

प्ले स्टोअरवर ॲप एकदा मोफत म्हणून दिलं की पुढे ते विकत करता येत नाही. इन-ॲप खरेदी किंवा सबस्क्रिप्शन नंतर घालता येतं, पण डाउनलोडलाच पैसे लावायचे असतील तर निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायचा. उलट दिशेने, म्हणजे विकतचं मोफत, कधीही चालतं.

आयपॅडचं प्रकरण अनेकांच्या ध्यानातच येत नाही. एक्सकोड किंवा फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनांतला नवा प्रकल्प मुळातच आयफोन आणि आयपॅड दोन्हींसाठी तयार होतो. ॲप फक्त फोनसाठी बनवलंय असं तुम्ही धरून चालता, आणि सबमिट करताना १३ इंची आयपॅडचे स्क्रीनशॉट हवेत असा लाल संदेश येतो. मग काही जण आयपॅडच्या सिम्युलेटरवर (संगणकावर चालणाऱ्या नकली आयपॅडवर) कसेबसे फोटो काढून वेळ मारून नेतात. हे करू नका. एकदा आयपॅडसह ॲप प्रसिद्ध झालं की पुढच्या अपडेटमध्ये आयपॅडचा आधार काढता येत नाही, असा बिल्ड ॲपल नाकारतं. आयपॅड नको असेल तर पहिल्या बिल्डआधीच प्रकल्पाच्या टार्गेट या सेटिंगमधून काढा. एवढं करूनही रिव्ह्यूअर तुमचं फक्त आयफोनचं ॲप आयपॅडवर चालवून बघू शकतो. तिथे लॉगिनचं बटण कीबोर्डखाली लपलं तर ॲप परत येतं, तेव्हा एकदा तसं चालवून पाहाच.

नाव आणि शोध

नावाला दोन्हीकडे ३० अक्षरं. प्लेवर पूर्वी ५० चालायची, २०२१ मध्ये ती ३० झाली. त्याखाली ॲपलला ३० अक्षरांचं उपशीर्षक, प्लेला ८० अक्षरांचं छोटं वर्णन. मोठं वर्णन दोन्हीकडे ४००० अक्षरांपर्यंत.

देवनागरीत नाव देणाऱ्यांनी मोजणी नीट समजून घ्यावी. स्टोअर युनिकोडची चिन्हं मोजतं, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नाही. «खर्चाचा» हा शब्द आपल्याला तीन अक्षरी दिसतो. मोजताना ख, र, हलन्त, च, काना, च, काना अशी सात चिन्हं होतात. «खर्चाचा हिशेब» मधल्या जागेसकट १३. म्हणजे ३० पैकी जवळजवळ निम्मी जागा दोन शब्दांत संपली. त्यातही «ॲप» लिहिण्याचे दोन प्रकार आहेत: काही कीबोर्ड अ, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग चंद्र असं टाकतात, तेव्हा एकट्या «ॲ»चीच तीन चिन्हं होतात. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षरही आहे, ते वापरलं तर एकच. दिसायला दोन्ही सारखेच. मर्यादा एक-दोन अक्षरांनी ओलांडली जात असेल तर आधी हे तपासा, मगच शब्द कापायला घ्या.

प्लेच्या नियमांनुसार नावात इमोजी चालत नाही, «सर्वोत्तम», «नंबर १», «मोफत», «सवलत» असलं काही चालत नाही, आणि ब्रँडचं नाव तसं नसेल तर सगळी इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्येही चालत नाहीत. आयकॉनवर आणि डेव्हलपरच्या नावातही हेच लागू. ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांमधला २.३.७ हा मुद्दा नाव, उपशीर्षक आणि स्क्रीनशॉटमध्ये किंमत लिहू देत नाही. आणखी एक फरक: ॲप स्टोअरवर नाव एकमेव असावं लागतं, त्यामुळे ॲपची नोंद लवकर करून नाव धरून ठेवणं शहाणपणाचं. प्लेवर एकाच नावाची अनेक ॲप्स असू शकतात, पण दुसऱ्याच्या ब्रँडशी गल्लत होईल असं नाव-आयकॉन घेतलं तर तोतयेगिरीच्या नियमाखाली ॲप उडतं.

दोन्हीकडे एकच मजकूर चिकटवणं हा सर्रास होणारा आळस. शोधाचं गणितच वेगळं आहे. ॲपलकडे कीवर्डचा वेगळा, न दिसणारा, १०० मर्यादेचा रकाना असतो आणि वर्णनातले शब्द ॲप स्टोअरच्या शोधात धरले जात नाहीत. प्लेकडे कीवर्डचा रकानाच नाही, तिथे शोध नाव, छोटं वर्णन आणि मोठं वर्णन यांवरच चालतो. म्हणून ॲपलचं वर्णन निव्वळ माणसासाठी लिहा. प्लेच्या वर्णनात मात्र लोक ज्या शब्दांनी शोधतील ते शब्द सहज ओघात यायला हवेत. वर्णनाच्या तळाशी पन्नास शब्दांची माळ लावलीत तर ते स्पॅम ठरतं.

ॲपलच्या कीवर्ड रकान्यात स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, प्रत्येक जागा मर्यादेतून वजा होते. नावात आणि उपशीर्षकात आलेले शब्द इथे पुन्हा लिहिणं म्हणजे जागा फुकट. प्रतिस्पर्ध्याच्या ॲपचं नाव घालू नका, तेही नाकारण्याचं कारण होतं.

वर्णनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुमडलेल्या अवस्थेत पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, तेव्हा ॲप काय करतं ते पहिल्याच वाक्यात सांगा. «आमच्या ॲपमध्ये आपलं स्वागत आहे» या ओळीने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. येऊ घातलेल्या सुविधा लिहू नका. निनावी वापरकर्त्यांची स्तुतीही प्लेला चालत नाही. ॲपलच्या लिस्टिंगमध्ये «अँड्रॉइडवरही उपलब्ध» असं लिहिलं की २.३.१० खाली परत.

स्क्रीनशॉट

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाही हवा, कारण वर्णन वाचणारे थोडे, चित्रं बघणारे सगळे.

आधी मापं. प्लेवर फोनचे किमान २ आणि कमाल ८ स्क्रीनशॉट, जेपीईजी किंवा २४ बिट पीएनजी, पारदर्शकता नको. लहान बाजू किमान ३२० पिक्सेल, मोठी कमाल ३८४०, आणि मोठी बाजू लहान बाजूच्या दुपटीपेक्षा जास्त नको. इथेच गंमत होते. आजकालच्या बहुतेक फोनचा स्क्रीन १०८० बाय २४०० असतो. १०८० ची दुप्पट २१६०. म्हणजे फोनवर काढलेला स्क्रीनशॉट जसाच्या तसा या नियमात बसत नाही. उपाय सोपा आहे: १०८० बाय १९२० चा कॅनव्हास घ्या, स्क्रीनशॉट ६५ टक्क्यांवर आणा, तो ७०२ बाय १५६० होईल, आणि वर उरलेल्या ३६० पिक्सेलमध्ये एक ओळीचा मथळा लिहा. १०८० बाय १९२० हाच आकार धरण्याचं दुसरंही कारण आहे. प्लेच्या शिफारशींमध्ये ॲप मोठ्या स्वरूपात झळकण्यासाठी किमान ४ स्क्रीनशॉट, किमान १०८० पिक्सेलचे आणि ९:१६ किंवा १६:९ प्रमाणातले लागतात. मथळ्याने चित्राचा २० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये आणि «आत्ताच डाउनलोड करा» छापाचं आवाहन नसावं, हेही त्यांचंच सांगणं. वरच्या कॅनव्हासवर ३६० पैकी सगळी पट्टी अक्षरांनी भरली तरी ती १९ टक्क्यांच्या आत राहते.

ॲपलकडे १ ते १० स्क्रीनशॉट, आणि मापं अचूक हवीत, एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर अपलोडच होत नाही. ६.९ इंची आयफोनसाठी १३२० बाय २८६८ किंवा १२९० बाय २७९६. हा संच दिला की लहान फोनसाठी ॲपल तोच लहान करून वापरतं. आयपॅड असेल तर १३ इंचीसाठी २०६४ बाय २७५२ किंवा २०४८ बाय २७३२. पीएनजीमध्ये अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) राहिला असेल तर तोही काढावा लागतो; चित्र पारदर्शक दिसत नसलं तरी चॅनल फाइलमध्ये असू शकतो. जेपीईजी म्हणून निर्यात केलं की प्रश्न मिटतो.

आता आतला मजकूर. ॲपलच्या सूचनांमधला २.३.३ हा मुद्दा सांगतो की स्क्रीनशॉटमध्ये ॲप वापरात असलेलं दिसावं. फक्त लोगो, फक्त लॉगिनचं पान किंवा फक्त स्प्लॅश स्क्रीन (ॲप उघडताना क्षणभर दिसणारं पान) चालत नाही. पहिल्या दोन-तीन चित्रांत ॲपचं मुख्य काम दाखवा, कारण शोधाच्या निकालात तीच दिसतात. नमुन्याचा डेटा खरा वाटेल असा भरा, पण खऱ्या माणसाचा नको: कुणाचं खरं नाव, फोन नंबर, फोटो, पत्ता चित्रात जाऊ देऊ नका. रिकामी यादी दाखवणारा स्क्रीनशॉट टाकण्यापेक्षा तो न टाकलेला बरा.

वरची स्टेटस बारही साफ करा. १२ टक्के बॅटरी, तीन ॲप्सची नोटिफिकेशन्स, मधेच चाचणीच्या बिल्डवर येणारी डीबगची लाल फीत, हे सगळं फार हौशी दिसतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये सिस्टिम यूआय डेमो मोड आहे, तो लावला की घड्याळ, बॅटरी, सिग्नल सगळं नीटनेटकं होतं. आयओएस सिम्युलेटरला सिमसीटीएल या कमांडलाइन साधनाच्या स्टेटस बार या आज्ञेने हवी ती वेळ आणि पूर्ण बॅटरी देता येते. आणि अँड्रॉइडच्या फोनवर काढलेला स्क्रीनशॉट आयफोनच्या चौकटीत बसवून ॲपलला पाठवू नका. खालची तीन बटणांची पट्टी रिव्ह्यूअरला लगेच ओळखू येते.

मथळे देवनागरीत असतील तर निर्यात केलेली फाइल शंभर टक्के आकारात उघडून वाचा. काही डिझाइन साधनांत भारतीय लिप्यांची मांडणी वेगळी चालू करावी लागते; फोटोशॉपमध्ये ती वर्ल्ड-रेडी लेआउट या नावाने सेटिंगमध्ये आहे. ती बंद असली की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात. डिझाइन करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर हे त्याला दिसणारही नाही.

आयकॉन आणि बाकीची चित्रं

प्लेला आयकॉन ५१२ बाय ५१२, ३२ बिट पीएनजी, १०२४ केबीच्या आत. ॲपलला १०२४ बाय १०२४, आणि तो कन्सोलमध्ये नव्हे तर बिल्डमधल्या ॲसेट कॅटलॉगमध्ये (ॲपच्या चित्रांच्या संचात) असतो. ॲपलच्या आयकॉनला अल्फा चॅनल असेल तर बिल्ड अपलोड होतानाच नाकारला जातो. कोपरे स्वतः गोल करू नका; दोन्ही स्टोअर्स आपापल्या पद्धतीने कापतात आणि तुम्ही आधीच कापलेले असले की कडेला विचित्र पांढरी कोर दिसते.

प्लेला याशिवाय १०२४ बाय ५०० चं फीचर ग्राफिक लागतं. व्हिडिओ जोडला तर त्याच्या मधोमध प्ले बटण येतं, म्हणून मधली जागा आणि कडा मोकळ्या ठेवा. व्हिडिओ यूट्यूबवरचा, जाहिराती बंद केलेला, पब्लिक किंवा अनलिस्टेड. ॲपलचा प्रिव्ह्यू १५ ते ३० सेकंदांचा आणि ॲपच्या स्क्रीनवरचंच चित्रण. पहिल्या आवृत्तीला व्हिडिओ नसला तरी काही बिघडत नाही.

गोपनीयतेचे फॉर्म

गोपनीयता धोरणाची लिंक दोन्हीकडे सक्तीची आहे. पान कुणालाही लॉगिनशिवाय उघडता यावं, पीडीएफ नसावं, कुणीही बदलू शकेल असं शेअर केलेलं डॉक्युमेंट नसावं, आणि त्यात ॲपचं किंवा डेव्हलपरचं तेच नाव असावं जे लिस्टिंगवर आहे. इंटरनेटवरून उचललेल्या धोरणात दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जाणं हा प्रकार हास्यास्पद असला तरी दुर्मीळ नाही.

त्यानंतर प्लेचा डेटा सेफ्टी फॉर्म आणि ॲपलची ॲप प्रायव्हसीची उत्तरं. «आम्ही काहीच गोळा करत नाही» असं लिहिण्याआधी ॲपमध्ये घातलेल्या लायब्ररींची (बाहेरून घेतलेल्या तयार कोडची) यादी काढा. तुम्ही गोळा करत नसाल, पण ॲनालिटिक्स, क्रॅश रिपोर्ट आणि जाहिरातींचे एसडीके (अशाच तयार कोडचे संच) करतात आणि त्यांची जबाबदारी तुमचीच. क्रॅशलिटिक्स (क्रॅश नोंदणारी सेवा) असेल तर क्रॅशची माहिती आली, ॲडमॉब (गूगलची जाहिरात सेवा) असेल तर डिव्हाइसचा आयडी आला. प्लेच्या व्याख्येत डेटा फोनच्या बाहेर पाठवला तरच तो «गोळा केला» असं होतं. फोनवरच प्रक्रिया होऊन तिथेच राहिला तर नाही. तुमच्या वतीने काम करणाऱ्या सेवेकडे दिलेला डेटा «शेअर» मध्ये धरला जात नाही, पण «गोळा» मध्ये धरला जातो. या दोन शब्दांत बहुतेकांचा गोंधळ होतो.

जाहिरात आयडीचा प्रश्न वेगळा विचारला जातो. ॲडमॉबसारखी लायब्ररी घातली की एडी आयडीची परवानगी मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या नोंदणाऱ्या फाइलमध्ये) आपोआप मिसळते, तुम्ही ती लिहिलेली नसली तरीही. मग फॉर्ममध्ये «नाही» म्हटलं की कन्सोल रिलीज अडवतं. म्हणून तुमची मॅनिफेस्ट फाइल न बघता बिल्डनंतर तयार झालेली, एकत्रित मॅनिफेस्ट उघडून बघा.

ॲपलकडे याचाच जुळा भाऊ आहे. प्रायव्हसीच्या उत्तरांत एखादा डेटा «ट्रॅकिंग»साठी वापरतो असं सांगितलं आणि ॲपमध्ये ट्रॅकिंगची परवानगी मागणारी खिडकीच येत नसेल, तर रिव्ह्यू परत येतो. ट्रॅकिंग खरोखर नसेल तर उत्तर दुरुस्त करा. असेल तर खिडकी घाला. कॅमेरा, लोकेशन वगैरेंची परवानगी मागताना दिसणारा मजकूरही मोघम नको. «कॅमेरा आवश्यक आहे» याऐवजी «पावतीचा फोटो काढून खर्चाला जोडण्यासाठी कॅमेरा वापरला जातो» असं कशासाठी ते लिहा.

ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच कायमचं मिटवताही यायला हवं, दोन्ही स्टोअर्सना. प्लेला याशिवाय वेबवरची लिंक लागते, म्हणजे ॲप काढून टाकलेल्या माणसालाही खातं मिटवायची विनंती करता येईल. फक्त निष्क्रिय करण्याची सोय पुरत नाही.

रिव्ह्यूअरला आत जाता आलं पाहिजे

लॉगिन असलेल्या ॲपसाठी हा रकाना रिकामा सोडणं म्हणजे एक फेरी हमखास वाया. चाचणीचं खातं द्या, त्यात नमुन्याचा डेटा भरलेला असू द्या, आणि त्याचा पासवर्ड पंधरा दिवसांनी संपणारा नको.

ओटीपीने लॉगिन होत असेल तर जास्त विचार करावा लागतो. रिव्ह्यूअर कुठल्यातरी दुसऱ्या देशात बसलेला असतो, तुमच्या फोनवर आलेला ओटीपी त्याला मिळणार नाही. एक ठरावीक नंबर आणि ठरावीक कोड सर्व्हरवर कायम चालेल अशी सोय करा. फायरबेस (गूगलची तयार सर्व्हर सेवा) वापरत असाल तर चाचणीचे नंबर आणि त्यांचे कोड कन्सोलमध्येच नोंदवता येतात. सर्व्हर फक्त एका देशातल्या आयपी पत्त्यांना उत्तर देत असेल तर ती अट रिव्ह्यूपुरती सैल करावी लागेल. सूचना इंग्रजीत आणि क्रमवार लिहा: कुठलं बटण, मग काय भरायचं, मग काय दिसेल. ॲपला एखादं हार्डवेअर लागत असेल तर ते जोडून ॲप चालतानाचा व्हिडिओ द्या.

सबमिट करण्याआधी तेच खातं एका नव्या फोनवर, मोबाइल डेटावर, स्टोअरला पाठवलेल्या त्याच बिल्डमध्ये वापरून बघा. स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवरचं खातं प्रॉडक्शन (खऱ्या) बिल्डसोबत देण्याची चूक फार होते.

उरलेलं

वयोगटाची प्रश्नावली प्रामाणिकपणे भरा. ॲपमध्ये वापरकर्ते एकमेकांशी बोलू शकतात का, या प्रश्नावर जास्त घसरतात. ॲपलच्या पहिल्या सबमिशनमध्ये इन-ॲप खरेदी असेल तर ती आवृत्तीसोबत जोडून पाठवावी लागते, नुसती तयार करून ठेवली तर ॲप तपासताना ती सापडत नाही. सबस्क्रिप्शन असेल तर वापराच्या अटींची आणि गोपनीयता धोरणाची चालू लिंक लिस्टिंगमध्येही लागते आणि ॲपमध्येही. एन्क्रिप्शनचा प्रश्न दर बिल्डला विचारला जातो. फक्त एचटीटीपीएस वापरत असाल तर त्याचं उत्तर इन्फो पीलिस्ट या ॲपच्या सेटिंग फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवता येतं.

वेळेचा हिशेब: ॲपलच्या म्हणण्यानुसार ९० टक्के सबमिशन्स २४ तासांत पाहिली जातात. गूगल ७ दिवसांपर्यंत किंवा क्वचित त्याहून जास्त लागतील असं सांगतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक प्ले खातं असेल तर त्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (फक्त निवडक लोकांसाठीच्या चाचणीत) असावे लागतात. म्हणजे लिस्टिंगचं काम लाँचच्या तीन-चार आठवडे आधी सुरू व्हायला हवं. ठरावीक तारखेला ॲप बाहेर काढायचं असेल तर प्लेवर मॅनेज्ड पब्लिशिंग आणि ॲपलकडे मॅन्युअल रिलीज निवडा. मंजुरी आली तरी बटण तुमच्याच हातात राहतं.

ॲपलकडून «मेटाडेटा रिजेक्टेड» असा शेरा आला तर नवा बिल्ड चढवायची गरज नसते, मजकूर किंवा चित्र सुधारून तेच पुन्हा पाठवायचं. प्रसिद्ध झाल्यावर मात्र ॲपलकडे नाव, उपशीर्षक, कीवर्ड, स्क्रीनशॉट हे पुढच्या आवृत्तीसोबतच बदलतात. मधल्या काळात हलवता येतो तो १७० अक्षरांचा प्रमोशनल मजकूर आणि प्रायव्हसीची उत्तरं. प्लेवर लिस्टिंग नव्या बिल्डशिवाय केव्हाही बदलता येतं, पण तो बदलही रिव्ह्यूला जातो.